धोब्याकडचा कोट

माझं लग्न ठरलं तेव्हा सेलूत सगळ्यांना सांगितलं गेलं, की मुलाकडच्यांचं हिंगणघाटला कापडाचं दुकान आहे. हे खोटं नव्हतं. ते कापड आधी कोणीतरी अंगावर घालून झालेलं असायचं, एवढंच सांगायचं राहून गेलं. माझे वडील कचेरीत कारकून. त्यांना खरं काय ते माहीत होतं की नव्हतं, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही. लग्नानंतर आठ दिवसांनी सासूबाईंनी मला दुकानात नेलं, तेव्हा दोरीवर टांगलेले ते परक्यांचे कोट आणि सदरे पाहून मला रडूच फुटलं. सासूबाईंना वाटलं, पोरीला माहेरची आठवण आली. त्यांनी मला मूठभर शेंगदाणे दिले आणि एका सदऱ्याची बटणं लावायला बसवलं.

दुकानाला दोन दारं होती. पुढचं बाजाराच्या रस्त्यावर, मागचं बोळात. पुढच्या दाराने घेणारे यायचे: गिरणीतले कामगार, आसपासच्या खेड्यांतली माणसं, लग्नसराईत एक दिवसापुरता कोट हवा असणारे नवरदेवाचे भाऊ. त्यांना कसलाच संकोच नसायचा. संकोच असायचा तो मागच्या दाराने येणाऱ्यांना. मास्तरांच्या, कारकुनांच्या घरच्या बायका दुपारची जेवणं आटोपली की पदराखाली गाठोडं घेऊन बोळातून यायच्या आणि आधी बराच वेळ उन्हाबद्दल बोलायच्या. सासूबाईही तेवढाच वेळ उन्हाबद्दल बोलायच्या. मग आपणच हात पुढे करायच्या, "दाखवा बाई, काय आनलं तं."

बोहारणीवर त्यांचा भारी राग होता. "थे दारात उभी राहून ओरडते," त्या म्हणायच्या. "साऱ्या गल्लीले समजते का अमकीनं लुगडं देऊन पातेलं घेतलं. आपल्या इथं भिंतीलेही समजत नाई."

विकायला येणाऱ्या बाईला त्या एकच प्रश्न विचारायच्या, "घरी सारे खुशाल हायेत ना?" म्हणजे कपडा गेलेल्या माणसाचा नाही ना. गेलेल्या माणसाचा असला तर तो घ्यायचा, पण दोरीवर टांगायचा नाही. तो गोधड्या शिवणाऱ्यांकडे जायचा. आणि दुकानात आरसा नव्हता. मी नवीन होते, शहाणपणा करून म्हटलं, "आत्याबाई, एक आरसा लावू या." त्या म्हणाल्या, "आरशात मानूस कोट नाई पाहत, सोताले पाहते. मंग इकत कोन घेईन?"

माझ्याकडे काम आलं ते खुणा कापायचं. त्या काळी धोबी प्रत्येक घराच्या कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करायचा. कोणाचे तीन ठिपके, कोणाची फुली, कोणाचा आकडा. गावच्या धोब्याला अक्षर म्हणून येत नव्हतं, पण निम्मं गाव तो त्या खुणांवरून वाचायचा. कपडे कितीही मिसळले तरी ज्याचे त्याच्या घरी जायचे. बिब्बा धुऊन निघत नाही. म्हणून आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कपड्यावरची खूण शोधायची, तेवढा तुकडा कापायचा आणि तिथे त्याच रंगाचं ठिगळ असं लावायचं की ते दिसू नये. मला शिवणाचा हात होता. सहा महिन्यांत माझं ठिगळ नवऱ्यालाही सापडेनासं झालं, आणि तो तर दिवसभर मशीनवर बसणारा माणूस. मग मला त्या कामाचा गर्व झाला. मी मुळात गर्विष्ठच होते, फक्त आतापर्यंत कारण मिळालं नव्हतं.

एका चैत्रात मागच्या दाराने गुरुजींच्या घरच्या बाई आल्या. गुरुजी म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणारे शाळामास्तर. बुटके, गोरे, आणि चेष्टा करतानाही चेहरा गंभीर ठेवणारे. बाईंनी गाठोडं सोडलं तर आत त्यांचा काळा लोकरी कोट. सासूबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. बाई घाईने म्हणाल्या, "खुशाल आहेत हो. शाळेत गेले आहेत." मग खाली बघत त्यांनी सांगितलं, की लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे आणि बाळाच्या पायांत आजोळचे चांदीचे वाळे घालायचे आहेत. ह्यांना सांगितलं तर हे स्वतःच काहीतरी मोडतील, त्यापेक्षा हे बरं.

"न थंडीत कोट पाह्यला त्याईनं तं?" सासूबाईंनी विचारलं.

"धोब्याकडे आहे म्हणीन. पुढच्या थंडीपर्यंत विसरून जातील. त्यांना चष्मासुद्धा कपाळावर असला तर आठवत नाही."

कोट माझ्याकडे आला. मी तो उलटा केला आणि बघतच राहिले. आत सायीच्या रंगाचं रेशमी अस्तर होतं, लग्नातला कोट असावा. गळ्याखाली अस्तरावर गुरुजींच्या घरची खूण: दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. तसलं कापड आमच्याकडे जुन्यात कुठून येणार? दुसऱ्या कशाचंही ठिगळ तिथे डोळ्यांत खुपलं असतं. मी कात्री दोनदा उघडली आणि दोनदा मिटली. मनात म्हटलं, हे आतलं अस्तर, कोण बघतंय. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "खूण काहाडली का?" मी हो म्हटलं.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. दिवाळीनंतर सरकी काढणारी जिनिंगं सुरू झाली आणि कापसाचं तूस उडून उडून त्या काळ्या कोटावर बसायला लागलं. मी रोज ते झटकायचे. एका बाजाराच्या दिवशी वडनेरचा एक शेतकरी मुलाला घेऊन पुढच्या दारात उभा राहिला. मळ्यातली वांगी आणि मेथी बाजारात विकायला आणली होती, ती बायकोजवळ सोडून आला होता. मुलगा घरातला पहिला मॅट्रिक. वर्ध्याला कचेरीत कारकुनाची जागा निघाली होती आणि त्याला भेटीला बोलावलं होतं.

"कोट नसला तं सायेब आतमंदी घेत नाई म्हन्ते," बाप म्हणाला. हे त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे, पण त्याचा त्यावर पक्का विश्वास होता.

मुलाला बाकीचे कोट खांद्यात बसेनात. गुरुजींचा बसला, गुरुजी उंचीला कमी असले तरी खांद्याने रुंद होते. फक्त बाह्या मनगटाच्या खूप वर राहिल्या. बाप म्हणाला, "पोट्ट्याचे हातच लांब. वांगे तोडाले बरे, कोटाले वाईट."

मी बाही उलटून पाहिली. शिंप्याने आत तीन बोटं कापड सोडलेलं होतं. दुपारभर बसून मी दोन्ही बाह्या सोडवल्या, आतून पट्टी लावली, जुना मोड दिसू नये म्हणून पाण्याचा हात फिरवून बाह्या दाबून काढल्या. मुलाने कोट घातला आणि आरसा शोधायला इकडेतिकडे पाहिलं. नाही म्हटल्यावर मलाच विचारलं, "बाई, कसा दिसून राह्यलो?" तो त्यात खरंच कचेरीतला दिसत होता. मी तसं सांगितलं, तर त्याचे कान लाल झाले. बाप वांग्यांची अर्धी टोपली आमच्या ओट्यावर ओतून गेला. कोटाची किंमत दिली होती ती वेगळी.

पुढच्या बुधवारी दुपारी तो मुलगा एकटाच आला. चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. वडनेरला इस्त्री म्हणजे निखारे घातलेला तांब्या, म्हणून त्याने कोट आमच्या गावच्या धोब्याकडे इस्त्रीला टाकला होता. गुरुवारी सकाळी त्याला वर्ध्याला पोचायचं होतं. आज तो कोट घ्यायला गेला, तर धोबी म्हणाला, कोट ज्याचा आहे त्याच्या घरी मी पोचवला.

"म्हन्ते, खूण वळखतो म्या, तुह्यापाशी कसा आला थो कोट, सांग," मुलगा म्हणाला. "चार मानसाईसमोर चोर म्हनलं मले. बाई, तुमी फक्त चाला न सांगा त्याले का म्या इथून इकत घेतला. दुसरं काई नाई पाह्यजे."

कोट परत मागायचं त्याच्या मनातही नव्हतं. त्याला फक्त चोर नाही एवढं कोणीतरी म्हणायला हवं होतं. आणि तेवढंच आम्हाला म्हणता येत नव्हतं. आमच्याकडून विकत घेतला म्हटलं, की धोब्याला लगेच कळणार, गुरुजींच्या घरून कोट विकला गेला; आणि धोब्याला कळलं म्हणजे घाटावर दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचे कपडे त्या बातमीबरोबर आपटले जाणार.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं कबूल केलं: खूण पाहिली होती, कापवली नाही, खोटं सांगितलं. नवऱ्याने मशीन थांबवली. सासूबाई रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. त्या इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "तूच जाय. गुरुजीच्या घरी जाय, काय कराचं थे कर. या पोट्ट्याचा कोट आन. पन इकल्याचं नाव तुह्या तोंडून निंगालं नाई पाह्यजे." मग मुलाला म्हणाल्या, "बस बाप्पा. पानी पे."

गुरुजींचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण मी त्या दिवशी इतकी हळू चालले की वाटेत दोघींनी बरं नाही का म्हणून विचारलं. काय सांगायचं ते मनात चार तऱ्हांनी मांडून पाहिलं. चारही तऱ्हांत कोणीतरी मरत होतं: बाई, नाहीतर मुलगा, नाहीतर आमचं दुकान.

गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. अर्धी सुट्टी असावी. अंगात तो कोट होता. मी सोडवलेल्या बाह्या त्यांच्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या आणि हात कुठे संपतात ते कळत नव्हतं. लेक दिवाळीला आलेली, तिचं बाळ त्यांच्या मांडीवर पाय झाडत होतं आणि प्रत्येक झाडण्याबरोबर पायांतले वाळे वाजत होते. दारात बाई उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. डोळ्यांनी त्या मला एकच गोष्ट सांगत होत्या: बोलू नकोस. ती कळूनही माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "गुरुजी..."

"बरं झालं आलीस सूनबाई," ते म्हणाले. "तुमच्याकडे नाना लोकांचे कोट येतात, तुला समजेल. हा कोणाचा आहे पाहून सांग बरं. धोब्यानं चुकीनं आमच्याकडे टाकला."

"तुमचाच तं आहे," बाई दारातून कसंबसं म्हणाल्या. "इतके दिवस विचारत होता ना, कोट कुठे आहे, कोट कुठे आहे. आला धोब्याकडून."

"माझा नाही हा." गुरुजींनी दोन्ही हात पुढे केले, बाह्या लोंबल्या. "माझे हात इतके लांब असते तं वर्गात खुर्चीवर बसूनच मागच्या बाकावरच्यांचे कान पिळले असते. कोण्या उंच माणसाचा आहे. त्याला लागत असेल." मग त्यांनी बाळाचा एक पाय हातात धरला, वाळा बोटाने थोडा फिरवला आणि तो बारीक वाजला. "माझा कोट अजून धोब्याकडेच आहे. येईल सावकाश. मला काही घाई नाही."

ते माझ्याकडे पाहत नव्हते, बाईंकडेही नाही. बाळाच्या पायाकडे पाहत होते. त्यांना सगळं समजलं होतं. अस्तर त्यांच्या ओळखीचं, खूण त्यांच्या घरची, आणि वाळे डोळ्यांसमोर. त्यांनी कोट काढला, घडी केली, माझ्या हातात दिला आणि वहाणा पायांत सरकवल्या. म्हणाले, "चल, धोब्याला सांगून येऊ. नाहीतर तो उगाच कोणाला तरी बोल लावायचा."

घाटावर चार माणसांसमोर गुरुजींनी धोब्याला सांगितलं, की बाबा, कोट माझा नव्हे, तुझी खूण चुकली. धोबी म्हातारा होता. त्याने कोट माझ्या हातातून घेतला, अस्तर उलटलं, ती दोन ठिपक्यांची आणि रेघेची खूण अंगठ्याने घासली. मग गुरुजींकडे पाहिलं. खूण चुकली नाही हे त्याला कळत होतं आणि गुरुजी खोटं बोलत नाहीत हेही माहीत होतं. "आता डोये गेले गुरुजी," तो शेवटी म्हणाला आणि कोट मला परत दिला. त्याच्या उभ्या आयुष्यातली तेवढी एक चूक, आणि तीही त्याची नव्हती. ती माझी होती. परतताना मला रस्त्यात रडू आलं, आणि या वेळी माहेर आठवलं म्हणून आलं असं म्हणायलाही सोय नव्हती.

मुलगा कोट घेऊन वर्ध्याला गेला. जागा त्याला मिळाली नाही. साहेबाने कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही, असं नंतर बाप सांगत होता आणि साहेबालाच नावं ठेवत होता. पण दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं आणि तेव्हा तो लागला.

गुरुजींनी ते दोन्ही हिवाळे एका शालीवर काढले. सकाळी शाळेत जाताना कोणी म्हटलं, "काऊन गुरुजी, कोट कुठं गेला तुमचा?" की ते तोंड गंभीर करून सांगायचे, "धोब्याकडे आहे." मला दुकानात बसून ते ऐकू यायचं. लोक हसायचे, त्यांना वाटायचं गुरुजींची नेहमीची थट्टा. मी मान खाली घालून सुई ओवत बसायचे. बाई त्यानंतर मागच्या दाराने आल्या नाहीत. एकदाच, हळदीकुंकवाला, त्यांनी माझ्या हातावर वाण ठेवलं आणि हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. 

तिसऱ्या थंडीच्या आधी वडनेरचा तो मुलगा आला. आता तो कारकून होता, अंगात नवा शिवलेला कोट होता, बाह्या मापाच्या. जुना कोट त्याने कागदात नीट बांधून आणला होता. सासूबाई त्याला किमतीचं विचारायला लागल्या तर तो म्हणाला, "इकाले नाई आनला आजी. ज्याचा हाये त्याले द्या. मले नाव नाई पाह्यजे." नाव त्याला कधी कळलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलंही नाही. आमच्या दुकानाचा नियम एवढा चोख पाळणारं गिऱ्हाईक दुसरं झालं नाही.

मी कोट मांडीवर घेतला. बाह्या उसवल्या तर आत जुना मोड अजून तसाच होता. त्याच रेघेवर दुमडल्या, शिवल्या. एक बटण ढिलं होतं ते घट्ट केलं. मग अस्तर उलटलं. दोन ठिपके आणि आडवी रेघ. सासूबाई शेजारी बसून वाती वळत होत्या. त्यांनी खूण पाहिली, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि माझ्या पुढ्यातली कात्री उचलून आपल्या मांडीखाली ठेवली.

मी कोट घेऊन घाटावर गेले. धोब्याला म्हटलं, "बाबा, याले इस्तरी मारून पोचवून द्या."

त्याने अस्तर उलटलं. बराच वेळ पाहिलं. "कोनाच्या घरी पोचवू?" त्याने विचारलं.

"खुणीवरून पाहा ना," मी म्हटलं. "तुमची खूण कधी चुकली आहे का?"

म्हाताऱ्याने कोट दोन्ही हातांवर घेतला आणि बाकीच्या गाठोड्यांत न टाकता वेगळा, फळीवर ठेवला.

तीन-चार दिवसांनी सकाळी गुरुजी शाळेत जाताना आमच्या पुढच्या दाराशी थांबले. अंगात कोट होता, बाह्या बरोबर मनगटावर. ओट्यावरून उडालेलं कापसाचं तूस त्यांच्या खांद्यावर बसलं होतं, ते त्यांनी टिचकीने उडवलं. सासूबाईंना नमस्कार केला आणि मला म्हणाले, "लय दिवस लावले धोब्यानं, पण काम चांगलं केलं."

 मी नुसती मान हलवली.

"आमची ही पहिल्यापासून सांगत होती," ते म्हणाले, "धोब्याकडेच आहे म्हणून." आणि शाळेच्या रस्त्याला लागले.